संगणकातील गेलेला मजकूर

कागद हरवला म्हणजे हक्क अडचणीत आला, हे आपल्या भागातील माणसाला कोणी समजावून सांगावयास नको. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा करणारा मनुष्य आदिवासी नसेल, तर त्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. ग्रामसभेच्या ठरावाने ज्याचे समाधान झाले नाही त्याने ६० दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे दाद मागावयाची. तेथेही निराशा पदरी आली तर पुन्हा ६० दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे जावयाचे. मुदत टळली की बाजू कितीही खरी असो, ती ऐकवणे अवघड होऊन बसते.

अशा दाव्याचा, अपिलाचा किंवा ठरावाचा मजकूर पूर्वी हाताने लिहीत. आज सावलीसारख्या तालुक्याच्या गावी तो संगणकावर टाइप होतो. आणि नेमके मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तीन पानांचा मजकूर होत आला असताना, लाईन जाते. किंवा टाइप करणाऱ्याचे बोट भलत्याच कळीवर पडते. किंवा काल ठेवलेली फाईल आज सापडत नाही. अर्जदार दाराशी उभा असतो, दुकानात गर्दी असते, आणि टाइप करणारा घाबरून हाताला येईल ती कळ दाबत सुटतो. “गेले सारे!” असा उद्गार मग ऐकू येतो.

खरोखर सारे गेलेले असते काय? बहुतेक वेळा नसते. काय गेले, कोठून गेले आणि त्याचा कोणता अंश कोठे उरला आहे, याचा शांतपणे विचार केला तर गेलेल्या मजकुरापैकी पुष्कळसा परत मिळतो. हा विचार कसा करावा, एवढेच आम्हाला येथे सांगावयाचे आहे.

टंकलेखन यंत्राच्या काळी हा प्रश्न या स्वरूपात उभा राहत नसे. टंकलेखक कोऱ्या कागदांच्या मध्ये कार्बन घाली आणि एका ठोक्यात तीन प्रती काढी. मूळ प्रत कचेरीत जाई, दुसरी संघटनेच्या दप्तरात राही, तिसरी कामगाराच्या हाती पडे. प्रत जपण्याचा वेगळा विचार कोणाला करावा लागत नसे. लिहिण्याच्या क्रियेतच प्रती तयार होत. संगणकाने आपली पुष्कळ सोय केली. चुकलेला शब्द खाडाखोड न करता दुरुस्त होतो, एक अर्ज शंभरदा छापता येतो. परंतु तो कार्बन मात्र त्याने काढून घेतला. म्हणून एक गोष्ट मनात पक्की धरावी. गेलेला मजकूर परत मिळतो तो चमत्काराने मिळत नाही. त्याची दुसरी प्रत कोठेतरी उरलेली असते म्हणून मिळतो. ती कोठे उरते हे ओळखणे ही पहिली विद्या. ती हमखास उरेल अशी व्यवस्था करणे ही दुसरी.

आता यंत्राच्या रचनेकडे वळू. संगणकाजवळ लिहिण्याच्या दोन जागा असतात. एक शाळेतल्या पाटीसारखी आहे, दुसरी दुकानातल्या कीर्दवहीसारखी. आपण टाइप करतो ते प्रथम पाटीवर उमटते. ही पाटी फार चपळ आहे, पण विजेच्या आधारावर जगते. वीज गेली की ती आपोआप कोरी होते. तिला रॅम म्हणतात. कीर्दवही म्हणजे यंत्राच्या आतली डिस्क. ती वीज नसतानाही लिहिलेले धरून ठेवते. आपण ‘सेव्ह’ करतो म्हणजे पाटीवरचा मजकूर कीर्दीत उतरवतो. पडद्यावर अक्षरे दिसतात म्हणून ती कीर्दीत आहेत असा समज होतो, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ या गैरसमजात असते.

पहिला प्रसंग लाईन जाण्याचा. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तरी वळवाचे वादळ सुटले की त्याच जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी अंधार होतो. हा प्रश्न वेगळ्या सभेचा. येथे एवढेच सांगतो की, लिहिण्याच्या बहुतेक प्रणाली काही काही वेळाने पाटीवरच्या मजकुराची गुपचूप नक्कल डिस्कवर उतरवत असतात. ‘वर्ड’ या प्रणालीत हे काम मूळ मांडणीप्रमाणे दर १० मिनिटांनी होते. फुकट मिळणाऱ्या ‘लिब्रेऑफिस’मध्येही अशीच सोय आहे. वीज आल्यावर तीच प्रणाली पुन्हा उघडावी. वर्डमध्ये डाव्या बाजूला सापडलेल्या नकलांची यादी दिसते. लिब्रेऑफिस मजकूर परत आणू काय असे विचारते. त्या यादीला घाईने ‘बंद करा’ म्हणू नये. प्रत्येक नक्कल उघडून पाहावी, सर्वांत पूर्ण असेल ती निवडावी, आणि ताबडतोब नवे नाव देऊन सेव्ह करावी. कारण परत मिळालेली नक्कल सेव्ह करीपर्यंत आपली झालेली नसते.

दर १० मिनिटांनी नक्कल होते याचा अर्थ शेवटच्या नऊ-दहा मिनिटांचे काम गेलेले असू शकते. तो अवधी कमी करणे आपल्या हाती आहे. वर्डमध्ये ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या वाटेने गेले की १० च्या जागी २ हा आकडा घालता येतो. एकदा घातला की तो आकडा कायम राहतो.

दुसरा प्रसंग माणसाच्या हातून घडतो. काम संपले, खिडकी बंद करताना यंत्राने विचारले, “सेव्ह करू काय?” आणि घाईत ‘नको’ म्हटले गेले. अशा वेळीही वर्डमध्ये एक वाट आहे. ‘फाईल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’ आणि मग ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ असे क्रमाने गेले असता, कधीच सेव्ह न केलेल्या मजकुराच्या नकला एका फोल्डरमध्ये दिसतात. यासाठी ‘सेव्ह न करता बंद केले तरी शेवटची नक्कल ठेवा’ ही खूण आधीपासून चालू असावी लागते, आणि मजकूर निदान एकदा नक्कल होण्याइतका वेळ उघडा राहिलेला असावा लागतो. दोन मिनिटांत लिहून तिसऱ्या मिनिटाला फेकून दिलेले मिळावयाचे नाही. या नकलाही कायमच्या राहत नाहीत, थोड्या दिवसांनी पुसल्या जातात. तेव्हा शोध त्याच दिवशी करावा.

तिसरा प्रसंग वारंवार घडतो आणि त्याचा उपाय सर्वांत सोपा आहे. सारा मजकूर निवडला गेला, चुकून एखादी कळ दाबली गेली, आणि पान कोरे झाले. येथे खिडकी बंद करू नये आणि सेव्हही करू नये. कंट्रोल व झेड या दोन कळा एकत्र दाबल्या की शेवटची कृती उलटते; पुन्हा दाबल्या की त्याच्या आधीची. फाईल बंद न करता शांत राहिलेल्या माणसाचा मजकूर येथे जवळजवळ नेहमीच परत येतो.

चौथा प्रसंग अर्ज लिहून देणाऱ्यांच्या नित्य अनुभवाचा आहे. एका माणसाचा तयार अर्ज उघडावयाचा, नाव, गाव आणि गट क्रमांक बदलावयाचा, आणि सेव्ह करावयाचे. नवा अर्ज तयार झाला खरा, पण जुना त्याच्याखाली गाडला गेला. फाईल उघडी असेल तर कंट्रोल-झेडने मागे जावे, जुना मजकूर दिसताच तो वेगळ्या नावाने ठेवावा. फाईल बंद झाली असेल तर, आधीची आवृत्ती ‘बॅकअप’ म्हणून राखण्याची सोय वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये चालू केलेली होती काय, ते पाहावे. गूगल डॉक्समध्ये काम करणाऱ्याचे बरे असते. तेथे ‘व्हर्जन हिस्टरी’ या नावाखाली मजकुराच्या जुन्या अवस्था तारीखवार पाहावयास मिळतात. खरा उपाय मात्र एका सवयीचा आहे: जुना अर्ज उघडताच, एकही अक्षर बदलण्यापूर्वी, ‘सेव्ह ॲज’ करून त्याला नवे नाव द्यावे.

पाचव्या प्रसंगात मजकूर हरवलेलाच नसतो; तो भलत्या जागी पडलेला असतो. ईमेलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल थेट तेथूनच उघडली आणि सेव्ह केली, तर ती एखाद्या तात्पुरत्या किंवा ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये जाऊन बसते. वर्डमधील अलीकडच्या फायलींची यादी प्रथम पाहावी. मग संपूर्ण यंत्रात तारखेच्या क्रमाने शोध घ्यावा. फाईलचे नाव आठवत नसेल तर तिच्यातील एखादा दुर्मिळ शब्द, समजा गावाचे किंवा नाल्याचे नाव, घालून पाहावे. आणि येथून पुढे फायलींना ‘अर्ज १’, ‘नवीन’, ‘नवीन फायनल’ अशी नावे न देता गाव, विषय आणि तारीख यांनी नाव द्यावे, म्हणजे शोधण्याची वेळच येत नाही.

सहावा प्रसंग फाईल पुसून टाकल्याचा. पुसलेली फाईल प्रथम ‘रिसायकल बिन’मध्ये जाते आणि तेथून एका कृतीने मूळ जागी परत येते. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल मात्र तेथे सहसा जात नाही. ती थेट गेली असे दिसते. ‘दिसते’ हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. जाड पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून एका प्रकरणाचे नाव खोडले तर प्रकरणाची पाने फाटत नाहीत. संगणक असेच करतो. तो यादीतील नाव खोडतो आणि ती पाने आता रिकामी समजावी असे टिपून ठेवतो. त्या पानांवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुनी अक्षरे तेथेच असतात. म्हणून पेनड्राइव्हवरची महत्त्वाची फाईल पुसली गेल्याचे कळताच पेनड्राइव्ह काढून ठेवावा, त्यावर एकही नवी फाईल चढवू नये. ‘फोटोरेक’ नावाची एक फुकट प्रणाली आहे. ती अशी पाने शोधून फायली पुन्हा जुळवते. ती प्रणाली आणि तिने शोधलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर ठेवाव्यात. त्याच पेनड्राइव्हवर ठेवल्या तर शोधणाऱ्याच्या पायाखालीच पुरावा तुडवला जातो.

यालाही मर्यादा आहे. अलीकडच्या बऱ्याच संगणकांत फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी नावाची डिस्क असते. तेथे पुसलेल्या जागा यंत्र स्वतःच थोड्याच वेळात खरोखर कोऱ्या करून टाकते. अशा यंत्रातून पुसलेले परत मिळण्याची आशा फार थोडी. मोठमोठ्या जाहिराती करून ‘हमखास’ परत आणून देण्याची भाषा करणाऱ्यांना पैसे देण्यापूर्वी डिस्क कोणत्या जातीची आहे हे विचारावे.

सातवा प्रसंग मराठी माणसाचा खास आहे. फाईल सापडते, उघडते, पण पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खच दिसतो. मजकूर बिघडला असे वाटून लोक ती फाईल पुसून टाकतात. वास्तविक मजकूर शाबूत असतो. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये ‘क’ या अक्षरासाठी आतमध्ये एखादे रोमन अक्षर साठवलेले असते. तो फाँट ज्या यंत्रात नाही तेथे आतले रोमन अक्षर उघडे पडते. तो फाँट यंत्रात घातला की मराठी पुन्हा दिसू लागते. त्याहून बरे म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे. त्यासाठी परिवर्तक मिळतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि १९९१ मधील त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. संघटनेच्या जुन्या दप्तरातल्या कित्येक फायली अशा ‘मेलेल्या’ समजून पडल्या असतील. त्या जिवंत आहेत.

कधी फाईल उघडतच नाही, ‘खराब झाली’ असे यंत्र सांगते. २००७ पासून वर्डची फाईल म्हणजे प्रत्यक्षात अनेक लहान फायलींचे एक गाठोडे असते. मजकूर एका फायलीत, चित्रे दुसरीकडे. गाठोड्याची गाठ बिघडली तरी आतला मजकूर चांगला असू शकतो. फाईल उघडण्याच्या खिडकीत ‘ओपन’ या बटनाशेजारच्या बाणाखाली ‘ओपन अँड रिपेअर’ असा पर्याय आहे, तो आधी करून पाहावा. प्रयोग मूळ फायलीवर न करता तिच्या नकलेवर करावा.

हे सर्व उपाय थकले तर यंत्राबाहेर पाहावे. कोणाला तो मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला होता काय? कोणी फोनवर पानाचा फोटो घेतला होता काय? कचेरीत दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच कोणाच्या पेटीत आहे काय? छापील पानाचा स्वच्छ फोटो असेल तर गूगल डॉक्स आता मराठी अक्षरे ओळखून त्याचा टाइप केलेला मजकूर करून देते. जोडाक्षरे मात्र तपासून घ्यावी लागतात. ‘पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये’ हा आमच्या चळवळीतला जुना दंडक अशा वेळी नव्या अर्थाने उपयोगी पडतो.

आमच्या राज्याने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य फायली जळाल्या. ज्या कागदाची प्रत अन्यत्र होती, किंवा ज्याची प्रतिमा संगणकात उतरलेली होती, तो पुन्हा उभा करता येण्यासारखा होता. एकुलत्या एक कागदाची राख झाली. म्हणजे कागदाला संगणकाने तारले.

याच्या उलट उदाहरण सावलीच्या इतिहासाशी जोडलेले आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीला भरले आणि गांधीजी येथे येऊन बोलले. ती भाषणे आज वाचावयास मिळतात, कारण ती टिपून घेतली गेली आणि पुढे गांधीजींच्या समग्र वाङ्मयाच्या १०० खंडांत छापली गेली. या खंडांची सुधारित आवृत्ती निघाली, १९९९ साली ती संगणकाच्या तबकडीवरही आली; परंतु तीत अनेक नोंदी गळल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले. कसे आले? जुने छापील खंड शेजारी ठेवून त्यांनी ताडून पाहिले म्हणून. २००५ मध्ये सरकारने ती आवृत्ती मागे घेण्याचे ठरवले, आणि २०१३ मध्ये साबरमती आश्रमाने गांधी हेरिटेज पोर्टलवर मूळ खंड सर्वांना खुले केले. येथे संगणकाला कागदाने तारले. दोन्ही उदाहरणांचे सार एकच: एका जागी, एका प्रकारच्या साधनावर ठेवलेली वस्तू सुरक्षित नसते.

जाणकारांनी याचा एक सोपा नियम केला आहे. तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी असावी. गावच्या वनहक्क समितीला हे परवडते. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये, आणि एक छापील प्रत ग्रामसभेच्या दप्तरात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क एकदा मिळून भागत नाही. पुढे कित्येक वर्षे ग्रामसभेचे ठराव, हिशेब आणि नकाशे दाखवता यावे लागतात. ते एका हुशार तरुणाच्या एका लॅपटॉपमध्ये असतील तर तो तरुण पुण्याला नोकरीस गेला की गावाची स्मरणशक्तीही त्याच्याबरोबर जाते.

एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. जी व्यवस्था आपला मजकूर आपल्याला परत देते, तीच तो दुसऱ्यालाही देऊ शकते. दुकानातल्या संगणकावर आपला आधार क्रमांक, बँकेचे खाते, संपाची नोटीस टाइप करून आपण निघून आलो, तर त्यांच्या नकला तेथे उरतात. काम झाल्यावर फाईल आपल्याकडे घेऊन तेथील प्रत पुसावयास सांगावे, रिसायकल बिनही रिकामी करून घ्यावी, आणि अतिशय नाजूक मजकूर परक्या यंत्रावर लिहूच नये.

शेवटी, टाइप करणाऱ्या मुलामुलींबद्दल दोन शब्द. मजकूर गेला की साऱ्यांचा राग त्यांच्यावर निघतो. पानामागे काही रुपये मिळवणाऱ्या त्या श्रमिकाला बॅटरीची सोय नाही, यंत्र जुने, समोर रांग. रागावून त्याचा हात थरथरला तर उरलेला मजकूरही जाईल. अशा वेळी आपण एवढेच म्हणावे, “बाळ, थांब. काही दाबू नकोस. शेवटचे सेव्ह केव्हा केले होते, ते आधी पाहू.” आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराला भेटून एक लहानशी बॅटरी बसवण्याचा व सेव्हचा आकडा १० वरून २ वर आणण्याचा आग्रह धरावा. पहिल्याला थोडा खर्च येईल, दुसऱ्याला काहीच येत नाही.